फौजी, सर आणि महाराज: घरातल्या माणसाचं आयुष्य लिहून काढायचं असेल तर

मी काय लेखक नाही. कोरेगाव तालुक्यात शेती आणि एक छोटं दुकान, एवढाच माझा व्याप. पण गेल्या वर्षी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही त्यांच्या आयुष्यावर ४८ पानांची पुस्तिका काढली आणि तेव्हापासून महिन्यात दोन तरी फोन येतात, "आमच्या आण्णांचं पण असं करायचंय, सुरुवात कुठनं करू?" सातारा-सांगलीकडं असली माणसं गल्लीगल्लीत आहेत ना, आधी १६-१७ वर्षं फौज, मग शाळेत नोकरी, मग गळ्यात माळ आणि कीर्तन, आणि हे सगळं चालू असताना घर, पोरंबाळं, शेती. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

आधी मी कुठं माती खाल्ली ते सांगतो. पहिल्यांदा मी नेटवरचे दोन-तीन गौरवलेख वाचले आणि त्याच भाषेत आठ पानं खरडली. 'मातृभूमीच्या हाकेला ओ देऊन', 'ज्ञानदानाचे पवित्र कार्य', 'अध्यात्माची ओढ', एकही शब्द सोडला नाही. वही आप्पांना वाचायला दिली. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन मागितलं (शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी लाल पेन सुटत नाही) आणि तासाभरानं वही परत केली. शुद्धलेखनाच्या चुकांना गोल केलेले आणि शेवटच्या पानावर समासात दोनच शब्द, "हा कोण?"

मग मी त्यांनाच विचारलं की भरती का झालात, तर म्हणाले, "घरात खाणारी तोंडं नऊ आणि जमीन तीन एकर जिराईत. दुसरं काय करणार होतो?" हे कुठल्याच गौरवलेखात बसत नाही पण खरं हे आहे. त्याला जोडून मग काळाची माहिती येऊ द्या, म्हणजे १९६२ ला चीनचं युद्ध झालं, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आपल्या कऱ्हाडचा माणूस तिकडं बसला आणि इकडं गावोगाव भरतीचं वारं सुटलं, त्या वाऱ्यात फेब्रुवारी ६३ ला आप्पा बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला पोचले. तीन एकर आणि चव्हाणसाहेब, दोन्ही एकाच वाक्यात आले पाहिजेत.

माणसाआधी ट्रंक उघडा

म्हाताऱ्या माणसाला एकदम समोर बसवून "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं की तो एक तर गप्प बसतो नाहीतर भाषण देतो. आप्पांनी भाषण दिलं, अर्धा तास, आणि कामाचं एक वाक्य नव्हतं त्यात. त्यापेक्षा वस्तू पुढ्यात ठेवा. फौजीच्या घरात काळी पत्र्याची ट्रंक असतेच, बहुतेक आता तिच्यात गोधड्या नाहीतर बियाणं असतं. आमच्या ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. उन्हात नेऊन ओल्या फडक्यानं पुसलं तेव्हा दिसलं की 'हवालदार'च्या खाली काळा रंग मारलेला आणि त्या रंगाखालून 'नायक' डोकावतोय, आणि 'नायक'च्या खाली अजून एक थर, 'सिपाही'. सोळा वर्षांची सगळी बढती त्या वीतभर पत्र्यावर होती आणि मी लहानपणापासून त्यावर बसून पाटीवर लिहीत होतो. मी नुसतं विचारलं, "हे कुणी रंगवायचं?" आणि आप्पा दोन तास बोलले. पेंटर कोण होता, तो कुठल्या गावचा, त्याला बदल्यात काय द्यायचे, ती ट्रंक घेऊन रहिमतपूर स्टेशनला उतरायचे तेव्हा कोण बैलगाडी घेऊन यायचं.

ट्रंकेत आणखी काय शोधायचं तर डिस्चार्ज बुक, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यात भरतीची तारीख, हुद्दे, कोर्स, पदकं, कॅरॅक्टर, सगळं असतं. ते सापडलं नाही तर पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आणि तोही नसेल तर त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करता येतो, तो कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. एक सूचना, पीपीओ नंबर, बँक खातं, आर्मी नंबर यातलं काहीही पुस्तिकेत छापू नका आणि त्याचे फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, पेन्शनरांना फसवणारे असल्याच माहितीवर टपलेले असतात.

मग पत्रं. फौजीच्या पत्रावर गावाचं नाव नसतं, पत्ता म्हणजे केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस). ९९ दिसलं की समजायचं पूर्वेकडं होते. तारीख आतल्या मजकुरावर नसेल तर शिक्का भिंगातून बघा. आणि मनीऑर्डरची कुपनं! फॉर्मच्या खालचा तुकडा, ज्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची, तो पोस्टमन पैशाबरोबर फाडून द्यायचा. आईनं असली कुपनं देव्हाऱ्याच्या मागं दोऱ्यात ओवून ठेवलेली. एकावर लिहिलंय, "रु. ४० पाठवले. म्हशीचे बघणे. मी ठीक." बायकोला लिहिलेलं आहे हे. आई अजूनही ते वाचून चिडते, "म्हशीची चौकशी केली, माझी न्हाय."

तारखांचा घोळ

आपल्याकडं त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी सोयीची तारीख टाकली तीच आयुष्यभर चिकटली. आप्पांचीही १ जून १९४३. सहस्रचंद्रदर्शन ऐंशी पूर्ण होऊन एक्याऐंशी चालू असताना करतात, हजार पौर्णिमा म्हणजे ८० वर्षं आणि साधारण दहा महिने होतात, त्यामुळे खरी जन्मतारीख लागतेच. ती अशी काढायची की गावात, जिल्ह्यात काय चाललं होतं ते विचारायचं. आमची आजी म्हणायची हा पत्री सरकारच्या धामधुमीत झाला, सुगी चालू होती. नाना पाटलांच्या भूमिगतांची धामधूम साताऱ्यात ४२ च्या ऑगस्टनंतर सुरू झाली, तिचंच ४३ मध्ये प्रतिसरकार झालं, आणि ज्वारीची सुगी म्हणजे माघ-फाल्गुन, यावरनं आम्ही ४३ चा फेब्रुवारी धरला. पुस्तिकेत दोन्ही छापलं, कागदावरची आणि आजीची.

सांगलीकरांसाठी खास. जुन्या कागदावर जिल्हा 'सातारा' किंवा 'दक्षिण सातारा' दिसला म्हणून घाबरू नका, कागद दुसऱ्याचा नाही. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. तासगावच्या एका पाव्हण्यानं यावरनं माझ्याशी दहा मिनिटं वाद घातला होता की आमचे आजोबा साताऱ्याचे नव्हतेच.

बाकी तारखांसाठी खुंट्या पाहिजेत. १९६७ चा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ, ह्या दोन तर कुणीही विसरत नाही. "लग्नानंतर किती वर्षांनी" असं विचारलं तर चुकीचं उत्तर येतं, "भूकंपाच्या आधी का नंतर" विचारलं की बरोबर येतं.

पदकांबद्दल, कारण इथं सगळेच चुकतात

पदकं म्हटली की घरातली पोरं 'शौर्यपदक विजेते' लिहून मोकळी होतात. असं करू नका. गावात इतर माजी सैनिक असतात, त्यांना एका नजरेत कळतं आणि मग कार्यक्रमात खाली बसून हसतात. शौर्याची म्हणजे परमवीर, महावीर, वीर चक्र, अशोक, कीर्ती, शौर्य चक्र आणि शौर्यासाठी दिलेलं सेना मेडल. बाकी समर सेवा स्टार ६५ चा, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ७१ चे, ही त्या लढाईत त्या भागात हजर होतात म्हणून मिळतात. त्यात कमीपणा नाही ओ, उलट माणूस नक्की कुठं होता याचा तोच पुरावा. पूर्वी स्टार म्हणजे पूर्वेकडं होता, संपला विषय. पदक हातात घ्या आणि कडेवर बघा, नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरात ठोकलेलं असतं. आमच्याकडं एक पदक निघालं ज्याच्या कडेवर दुसऱ्याच माणसाचं नाव. आप्पा बराच वेळ ते बोटानं चाचपत बसले, मग म्हणाले एका बडा खान्याच्या (पलटणीच्या मोठ्या जेवणाच्या) वेळी अदलाबदल झाली असणार, "म्हंजी माझं त्याच्याकडं हाय." तो माणूस आता हयात आहे का नाही, माहीत नाही.

आणि हुद्दा. आपल्याकडं गावात हवालदार असो नाहीतर सुभेदार, सगळ्यांना 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. बोलताना ठीक, छापताना नाही. कुणाला निवृत्तीवेळी मानद कॅप्टन केलं असेल तर 'मानद' शब्द लिहाच.

लढाईबद्दल कसं विचारायचं

"किती जणांना मारलं" हा प्रश्न कधी विचारू नका. माझ्या पोरानं विचारला होता, आप्पा उठून गोठ्यात गेले. त्यांची पलटण पहिली मराठा, जिला जंगी पलटण म्हणतात, आणि ७१ च्या डिसेंबरात ती पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, जमालपूरला होती. १० आणि ११ डिसेंबरच्या रात्रीची ती लढाई, पलटणीला तिच्यासाठी 'जमालपूर' हा युद्धसन्मान आहे. हे पुस्तकातनं मिळतं. माणसाकडनं पुस्तकातलं काढून घेऊ नका, पुस्तकात नसलेलं काढा. बूट कसे होते, पाय ओले होते का, शेवटचं गरम कधी खाल्लं, पाणी कशातनं प्यायलात, बाजूला कोण होता. मी बुटांवरनं विचारलं. ओल्या मोज्यांची गोष्ट सुरू झाली, मोज्यावरनं जोडीदारावर आली, आणि तिथं थांबली. एक नाव त्यांनी घेतलं आणि म्हणाले हे लिहू नको, त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय न्हाय. नाही लिहिलं. रेकॉर्डिंगमधला तेवढा भागही वेगळ्या फाईलला काढून ठेवलाय आणि फाईलवर लिहिलंय 'छापायचं नाही'.

फोटोबद्दल एक. नेटवरनं 'भारतीय सैनिक' असं शोधून फोटो लावू नका. मी लावला. आप्पांनी बघितलं आणि म्हणाले, "ही रायफल आमच्या टायमाला नव्हती." कारगिलच्या वेळचा फोटो होता तो, आणि मी ७१ च्या पानावर चिकटवलेला. घरात पलटणीचा ग्रुप फोटो असतो, पुठ्ठ्यावर खाली इंग्रजीत 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून' करत सगळी नावं असतात, तो वापरा. काचेतनं काढायला जाऊ नका, चिकटलेला असला तर फाटतो. दारात सावलीला उभा करून, फ्लॅश बंद करून, मोबाईलनं थोडा तिरका धरून काढा म्हणजे काचेत तुमचं तोंड येत नाही.

आईला वेगळं बसवा

हे सगळ्यात जास्त सांगायचंय मला. फौजीचं घरातलं आयुष्य फौजीला माहीतच नसतं. दोन महिन्यांची वार्षिक रजा धरली तर १६ वर्षांत ३२ महिने माणूस घरी, तेही प्रवास धरून. बाकीचं सगळं आईकडं. आणि आप्पांच्या समोर विचारलं तर ती म्हणणार "त्यांनाच इचारा, मला काय कळतंय." तिला चुलीपाशी, भाकरी थापताना विचारा, हात कामात असले की तोंड मोकळं होतं. मोबाईल फडताळात ठेवून रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, आधी सांगून बरं का, चोरून नाही.

आम्ही रजेचं कॅलेंडर बनवलं. एका मोठ्या कागदावर १९६३ ते १९७९ वर्षं मांडली आणि प्रत्येक वर्षात आप्पा कधी घरी आले ते आईनं सांगितलं. तेव्हा कुठं मला कळलं की आम्ही तिन्ही भावंडं फेब्रुवारी-मार्चमधली का आहोत, आप्पांची रजा बहुतेक मे-जूनमध्ये असायची. ताई वाचून लाजली, पण छापलं आम्ही ते. आईला १६ दिवाळ्यांपैकी ते घरी असलेल्या तीन कुठल्या ते बोटावर पाठ, ६६, ७० आणि ७५. ६६ ची लग्नानंतरची पहिली. ७५ च्या दिवाळीत काय केलं होतं तर करंज्या, आणि आप्पांनी मोजून अकरा खाल्ल्या. आप्पांना विचारलं तर त्यांना तीनातली एकही आठवत नव्हती.

आणि आता ही ११ डिसेंबर बघा. कॅलेंडर भरताना मी आप्पांच्या रकान्यात ११ डिसेंबर ७१ लिहिलं, जमालपूर. आई म्हणाली ११ डिसेंबर म्हंजी भूकंपाचा दिवस. बरोबर होतं, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. तिला सातवा महिना, ताई पोटात, सासऱ्यांनी सगळ्यांना अंगणात काढलं आणि ती उजाडेपर्यंत जात्याला धरून बसली होती, का तर जातं जमिनीत पक्कं असतं असं तिला वाटलं. आप्पांना पलटणीत बातमी कळली आणि घरचं पत्र येईपर्यंत तीन आठवडे गेले. चार वर्षांनी त्याच तारखेला ते जमालपूरला आणि ही इथं पत्राची वाट बघत, आणि तार आली असं नुसतं कुणी म्हटलं तरी हिच्या पोटात गोळा. तार म्हणजे काय ते त्या काळी सगळ्यांना माहीत होतं. ५५-६० वर्षांच्या संसारात ह्या दोन ११ डिसेंबर एकाच कागदावर पहिल्यांदाच आल्या. पुस्तिकेत त्या समोरासमोरच्या पानांवर आहेत, डावीकडं आई, उजवीकडं आप्पा.

शाळेचं

हे थोडक्यात, कारण माहिती मिळवणं सोपं असतं. सेवापुस्तकात नेमणूक, बदल्या, सगळं तारखेनिशी असतं. आप्पांनी फौजेत असतानाच एसएससी आणि बाहेरून बीए केलं, पेन्शन आल्यावर व्यायामशिक्षकाचा कोर्स केला आणि १९८० ला रयतच्या शाळेत लागले. ज्यांच्या घरचे 'रयत'मध्ये होते त्यांनी बदल्यांची यादी नीट करा, कारण रयत शिक्षण संस्थेच्या शाळा राज्यभर, माणूस कुठल्या कुठं फिरलेला असतो. कर्मवीरांनी १९१९ ला कऱ्हाडजवळ काल्यात संस्था काढली वगैरे इतिहास एका ओळीत पुरे, दोन पानं त्यावर घालवू नका, लोकांना ते माहीत आहे.

विद्यार्थ्यांकडनं आठवणी मागवताना मात्र 'सरांबद्दल दोन शब्द' असं म्हणू नका. मी म्हटलं आणि चाळीस जणांनी 'सर शिस्तप्रिय होते' एवढंच पाठवलं. दुसऱ्यांदा मी विचारलं, "सरांनी तुम्हाला कशावरनं आणि कितीदा मारलं किंवा पळवलं?" तर पाऊस पडला. एकजण आता एसटीत कंडक्टर आहे, तो म्हणतो सर कधी छडी वापरायचे नाहीत, पण उशीर झाला की दोन्ही हात वर करून रायफल धरल्यासारखं पटांगणाला चक्कर, आणि ते स्वतः पण बरोबर पळायचे.

कीर्तनाचं, आणि पहारा

शेवटचा भाग अवघड, कारण इथं माणूस स्वतःबद्दल बोलतच नाही. "माऊलींची कृपा" म्हणून विषय संपवतो. तुम्ही त्यांची वही मागा. कीर्तनकाराची एक वही असते, अभंगाचा पहिला चरण, गाव, तिथी. आप्पांच्या अशा चार वह्या निघाल्या, १९८६ पासूनच्या, त्यावरनं आम्ही गावांचा नकाशा केला. वारीचं विचारताना दिंडीचा नंबर विचारा आणि रथाच्या पुढची की मागची ते पण, नुसतं 'अनेक वर्षे वारी केली' यात काही कळत नाही. आपल्या जिल्ह्यातनं माऊलींची पालखी जाते, पाडेगावला नीरा स्नान, लोणंद, तरडगावला चांदोबाचा लिंब, तिथलं पहिलं उभं रिंगण, फलटण, बरड. यातल्या कुठल्या मुक्कामावर काय झालं हे विचारा. लोणंदला पाऊस होता, चप्पल हरवली, असल्या गोष्टी निघतात.

माळ घातली कधी, का घातली, आणि घरच्यांना काय वाटलं तेही. आप्पांनी माळ घातली आणि कँटीनचा रमचा कोटा बंद झाला, त्याचं दुःख त्यांच्यापेक्षा गावातल्या दोघा-तिघांनाच जास्त झालं. फौजी माणूस बुवा कसा झाला असं लोक आश्चर्यानं विचारतात, त्यांना मी सांगतो की अहो आळंदीहून आजचा पालखी सोहळा सुरू करणारे हैबतबाबा हे आपल्या आरफळचेच, साताऱ्याशेजारी, आणि ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. दिंड्यांना नंबर, पुढं कोण मागं कोण, चोपदारानं दंड वर केला की हजारो माणसं एका क्षणात गप्प. हे सगळं बघून पलटण आठवत नसेल तर नवल.

माझं चार महिने एकच अडलं होतं. फौज, शाळा, घर आणि कीर्तन, चार वेगळी प्रकरणं पाडली होती आणि चौघं वेगळे माणसं वाटत होते. मग गावच्या सप्ताहात एक गोष्ट झाली. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, पाळीपाळीनं पहारा, रात्रभर. रात्री दोन ते चारचा पहारा कुणालाच नको असतो. यादी करणाऱ्या पोरानं आप्पांचं नाव वय बघून संध्याकाळच्या सहा ते आठला टाकलं. आप्पांनी ते खोडून दोन ते चारला लिहिलं. मी रात्री बघायला गेलो, म्हटलं ऐंशीचा माणूस, चक्कर आली तर. मंदिरात दोन समया, एक कुत्रं, आणि आप्पा वीणा घेऊन उभे, पाय एक वीत अंतरावर, एकदम सरळ. मी म्हटलं बसा की जरा, तर नामस्मरण न थांबवता डोक्यानं नाही म्हणाले. चारला उतरल्यावर चहा पिताना म्हणाले, "पलटणीत पण मी दोन ते चारच घ्यायचो. त्या टायमाला माणूस झोपतो, म्हणून तवाच जागं पायजे." मग मला आठवलं, दहावीच्या परीक्षेआधी आमच्या शाळेतली बोर्डिंगची पोरं पहाटे चारला उठायची तेव्हा त्यांच्या आधी उठून कंदील लावून बसलेला माणूस कोण असायचा. आणि आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्री कोण बसलं होतं, आम्ही तिघं असताना.

त्याच आठवड्यात मी चारही प्रकरणं मोडली आणि सगळं पुन्हा लिहिलं, रात्री दोन ते चार या वेळेपासून. तुमच्या घरी पहारा नसेल, दुसरं काहीतरी असेल, चपला लावायची पद्धत, ताटात काही न टाकणं, कुणाला तरी दर महिन्याला पैसे पाठवणं. ते एक सापडेपर्यंत लिहायला बसूच नका, नुसतं रेकॉर्ड करत राहा.

बारकी कामं

रेकॉर्डिंग ४० मिनिटांच्या वर नको, थकतात. एकाच मोबाईलवर भरवसा नको, माझी पहिली तीन रेकॉर्डिंग मेमरी फुल झाल्यामुळं अर्धवट राहिली, आता दोन मोबाईल ठेवतो. फाईलला त्याच दिवशी नाव द्या, 'आप्पा_ट्रंक_१२मे' असं काहीतरी. बोलताना त्यांना दुरुस्त करू नका, तारीख चुकली तर चुकू द्या, नंतर बघू. उतरवून घ्यायला मोबाईलचं मराठी व्हॉइस टायपिंग बऱ्यापैकी चालतं, फक्त ते 'लंगर'चं (फौजेतलं स्वयंपाकघर) 'लंगूर' करतं आणि 'कसम परेड'चं (शपथेची परेड) काय करतं ते सांगत नाही. फौजी शब्द तसेच ठेवा, रंगरूट, फॉलिन, सिक परेड, बिस्तरबंद. त्यांचं 'शुद्ध मराठी' केलंत तर माणूस निघून जातो.

छापताना पानं १६ च्या पटीत धरा, ३२ नाहीतर ४८, नाहीतर कोरी पानं फुकट जातात आणि पैसे तेवढेच. मोबाईलवर टाईप केलेला मजकूर प्रेसमध्ये त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरं फुटतात, आमच्या पहिल्या प्रुफात 'ज्ञानेश्वर' ओळखूच येत नव्हते. प्रूफ कागदावर मागा, स्क्रीनवर बघून होकार देऊ नका, आणि घरातल्या तिघांनी वेगवेगळं वाचा. जिवंत माणसांच्या नावापुढं काय लिहिलंय ते त्यांना दाखवून घ्या, भावकीचं काही असेल तर वकिलाला नाही पण थोरल्या चुलत्याला नक्की दाखवा.

एवढं सगळं करूनही चूक राहिली. पान २३ वर आप्पांच्या एका जोडीदाराचा हुद्दा मी 'नायक' छापला, तो 'लान्स नायक' होता. ३०० प्रती घरी आल्या त्या दिवशी आप्पांना ते दिसलं. मी म्हटलं कोण बघतंय. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघतो तर सोप्यावर गठ्ठे उघडलेले, आणि आप्पा एकेक प्रत काढून पान २३ वर निळ्या पेननं 'लान्स' लिहितायत, लाल नाही, म्हणाले लाल चुकीला असतं आणि ही चूक त्याची नव्हं. तुमच्याकडं आमची प्रत असेल तर बघा, अक्षर अजून सरळ आहे.